सहा आकड्यांची उत्तरं

कोराडी कॉलनी
५ ऑक्टोबर

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तू उत्तर दिलंस की लिहीन.

घरचा फोन तू उचलत नाहीस. तुझा दोस्त सुशील, त्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ओळखून ‘कामात आहे’ म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही. फाडता येईल, पण पाकिटावरच्या तिकिटासाठी तू कडा जपून कापणारा माणूस आहेस, हे मला माहीत आहे. पत्ता सुशीलनेच दिला. त्याला रागवू नकोस. मी त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्याने दिला.

परवा दीक्षाभूमीला जाऊन आलो. गर्दी नेहमीसारखीच. बाबांनी नेहमीसारखे पुस्तकाचे पैसे हातात ठेवले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की यंदाही मी एकटीच आहे. आपला नियम आठवतो ना, आपलं पुस्तक आपण घ्यायचं नाही, मी तुझं घ्यायचं आणि तू माझं, आणि घरी येईपर्यंत दाखवायचं नाही. गेल्या वर्षी रागाने घेतलं नव्हतं, यंदा मी तुझं घेतलं. कोणतं ते सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. माझं कुणी घेतलं नाही. आई म्हणाली, ‘मी घेतो वं तुह्यासाठी,’ पण मीच नको म्हटलं. तुझी जागा दुसऱ्या कुणी भरलेली मला आवडत नाही, आईनेसुद्धा.

बारावी सुरू आहे. तू जायच्या आधी पुठ्ठ्यावर केलेलं वेळापत्रक अजून आतल्या खोलीच्या दाराच्या मागे आहे. वर मोठ्या अक्षरात ‘दीक्षाची बारावी’, आणि खाली कोणत्या महिन्यात काय संपवायचं ते. मी तेव्हा दहावीत होते. दोन वर्षं आधी बारावीचं वेळापत्रक कोण करतं, असं म्हणून मी तुला हसले होते. आता कळतं. ज्याला जायचं असतं तो करतो.

ऑक्टोबरमध्ये तू ‘भौतिकशास्त्राची पहिली उजळणी’ लिहिलं आहेस. माझं पहिलं वाचनच चालू आहे. तू माझ्याबद्दल जरा जास्तच चांगलं मत करून घेतलं होतंस.

बाबा बरे आहेत. शिफ्ट, जेवण, झोप. तुझं नाव घेत नाहीत. पण रात्रपाळीहून आले की आधी आतल्या खोलीचं दार लोटून बघतात, आणि तिथे मीच असते.

दीक्षा


कोराडी
१८ जानेवारी

दादा,

सीईटीचा फॉर्म भरला. त्यात मोबाईल नंबर टाकताना चुकून तुझा नवा नंबर टाकला गेला. सुशीलने दिलेला नंबर समोरच लिहून ठेवला होता, तो हाताखाली आला. आता तो बदलायचा म्हणजे फार भानगड आहे, असं भैयाजी म्हणतात. भैयाजी म्हणजे तेच, कॉलनीच्या गेटसमोर ज्यांचं फॉर्म भरायचं दुकान आहे. तेव्हा ओटीपी यापुढे तुझ्याकडेच येतील. तेवढे पाठवत जा.

परवाचा पाठवलास, मिळाला. सहा आकडे. पुढे मागे काही नाही. मी खाली ‘थँक्यू दादा, जेवलास का’ लिहिलं, त्याला उत्तर नाही. पण सहा आकडे लगेच पाठवलेस, दोन मिनिटंही लावली नाहीस. फोन हातातच होता म्हणायचा.

घरी आल्यावर आईने विचारलं, ‘काय म्हणे तो?’

मी म्हटलं, ‘आकडे म्हणे.’

आई थोडा वेळ पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, ‘बराबर होते ना आकडे?’

‘हो.’

‘मंग बरा असन. डोकं ठिकाणावर आहे त्याचं.’ आणि मग बराच वेळ नाक ओढत होती. मिरचीमुळे म्हणे. भिवापूरहून आजीने यंदाची मिरची पाठवली आहे, ती कुटून आणली आहे. तुझ्यासाठी एक पिशवी वेगळी बांधून ठेवली आहे. पोस्टाने पाठवायला आई तयार नाही. पिशवी फुटली तर सगळ्यांची पत्रं तिखट होतील म्हणते. तो आला की नेईल, असं तिचं आहे.

एक विचारायचं होतं. तू गेलास तेव्हा मला सगळे लहान म्हणून बाहेर पाठवायचे, त्यामुळे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. यंदा फॉर्मचे नियम वाचले तेव्हा सगळं जुळलं. तू आजीला घेऊन नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलात राहिला होतास आणि पसंतीची यादी भरायचा शेवटचा दिवस होता, म्हणून बाबांनी ती भरली, बरोबर? तुला पुण्याचं कॉम्प्युटर हवं होतं. बाबांनी ते दोन नंबरला टाकलं आणि एक नंबरला इथलं जवळचं इलेक्ट्रिकल. का, तर ‘आधी पक्कं करून घ्यावं, मंग बाकीचं.’ विजेच्या प्लांटमध्ये त्यांचा सगळा जन्म असाच गेला आहे. तिथे आधी भरवशाचं चालू आहे ना ते पाहतात, मगच पुढचं बटण. या यादीत मात्र वरचं मिळालं की खालचं सगळं बंद होतं, आणि पहिल्या नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुझे मार्क पुण्याला पुरले असते, हे नंतर यादी लागली तेव्हा दिसलं.

मला वाटायचं बाबांनी तुझ्यावर इलेक्ट्रिकल लादलं. तुलाही तसंच वाटतं का? मला आता वाटतं, त्यांना वाटलं होतं की त्यांनी तुला दोन्ही दिलं.

हे मी त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. तू पहिलं सेमिस्टर कसं काढलंस ते मी पाहिलं आहे. वही उघडून नुसता बसायचास, आणि मग एक दिवस कॉलेज आणि घर दोन्ही सोडून पुण्याला गेलास. मी फक्त यादी कशी चालते ते लिहिते आहे.

दीक्षा


कोराडी
१ मार्च

दादा,

बोर्डाचे पेपर चालू आहेत. गणित बरं गेलं. भौतिकशास्त्र फारच बरं गेलं, तुझ्या पुठ्ठ्याच्या कृपेने. रसायनाबद्दल आत्ता बोलू नये.

सुशील सांगत होता, तू रात्री कॉल सेंटरला जातोस आणि दिवसा बाहेरून बीसीए करतोस. मग झोपतोस कधी? आईला मी फक्त शिक्षणाचं सांगितलं, रात्रीचं सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती मिरचीची पिशवी घेऊन स्टेशनवर जाऊन बसली असती.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. ठेव, पण मग परत घे.

मला इलेक्ट्रिकल घ्यायचं आहे.

बाबांनी सांगितलं नाही. बाबा माझ्या अभ्यासाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. तू गेल्यापासून त्यांनी माझ्या कोणत्याही कागदाला हात लावलेला नाही, सही करायची असली तरी आईकडे सरकवतात. गेल्या वर्षी सुरक्षा सप्ताहात घरच्यांना प्लांट बघायला सोडलं होतं. तू गेला होतास का कधी? मी पहिल्यांदाच गेले. कंट्रोल रूममध्ये बाबा उभे होते, समोर त्या सगळ्या तबकड्या आणि दिवे. एका काट्याकडे बघून म्हणाले, ‘आता पाह्य, नागपुरात लोकं घरी येऊन राहिले, पंखे लावून राहिले.’ काटा खरंच हळूहळू चढत होता. घरी डाळीत मीठ कमी की जास्त हेसुद्धा न बोलणारा माणूस मला शहरातल्या लोकांचं घरी येणं दाखवत होता. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचलं नाही.

ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नाही. बाबांना सांगितली तर ते आनंदाने काहीतरी बोलतील आणि मग तुझी आठवण येऊन गप्प होतील. आईला सांगितली तर ती बाबांना सांगेल. म्हणून पहिल्यांदा तुला. तू नको म्हणालास तर मी काय करीन मला माहीत नाही. बहुतेक भांडेन.

पुठ्ठ्यावर मार्चच्या खाली तू लिहिलं आहेस, ‘पेपर झाल्यावर त्या पेपरबद्दल बोलायचं नाही.’ बोलायला कुणी नाहीच, त्यामुळे तेवढा नियम नीट पाळला जातो आहे. मला तुझी फार आठवण येते दादा. पेपरहून आले की पायरीवर चप्पल काढता काढताच तुला सांगायला तोंड उघडते.

दीक्षा


कोराडी
१० मे

दादा,

निकाल लागला. तुला माहीत असेलच, निकालाच्या मेसेजसाठीही तुझाच नंबर दिला होता. सीईटीही चांगली गेली आहे. रसायनाने फार बदनामी केली नाही.

तुझा मेसेज आला, ‘पाहिलं.’ मी ते आईला दाखवलं, मग शेजारच्या मिनलला दाखवलं, मग पुन्हा आईला दाखवलं. जानेवारीपासून नुसते आकडे पाठवणाऱ्या माणसाने एक अख्खा शब्द पाठवला. पेढ्यांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

बाबांनी पेढे आणले. कंट्रोल रूममध्ये वाटायला वेगळा डबा नेला. तुझ्या निकालाच्या वेळी त्यांनी पूर्ण कॉलनीत वाटले होते, ते मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत होतं.

एक सांगायचं राहिलं आहे. राहिलं असं नाही, मी सांगत नव्हते. बाबा जूनअखेर रिटायर होत आहेत. क्वार्टर सोडायचं आहे. थोडी मुदत मिळते, मग आम्ही भिवापूरला, आजीकडे. ऑक्टोबरपासून मला हे माहीत होतं, पण पत्रात लिहिलं असतं तर तू सुट्टीचं बघून दोन तासांसाठी येऊन गेला असतास, कर्तव्य म्हणून. मला तसा तू नको होतास. मला वाटत होतं तू आधीच येशील, काही कारण नसताना.

आता कारण सांगते आहे, म्हणजे मी हरले. बाबांच्या निरोपाच्या दिवशी ये. कॉलनीच्या हॉलमध्ये आहे. शाल देतील, भाषणं होतील, बाबा नुसती मान हलवतील. कोपऱ्यात बसलास तरी चालेल.

दीक्षा


कोराडी
२ जुलै

दादा,

तू आला नाहीस.

बाबा शाल घेऊन बसले होते आणि दाराकडे बघत होते. साहेबांनी विचारलं, ‘ताराचंदजी, कुणाची वाट पाहता?’ तर म्हणाले, ‘नाही, हवा येऊन राहिली तिकडून.’ हॉलमध्ये त्या बाजूला खिडकीसुद्धा नाही.

जास्त काही लिहीत नाही. मला राग आला आहे, आणि तो तुला कळावा म्हणूनच हे पाकीट पाठवते आहे. तिकीट मुद्दाम साधं लावलं आहे, जपून ठेवण्यासारखं नाही.

दीक्षा


कोराडी
१९ जुलै

दादा,

राग अजून आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल पसंतीची यादी भरली. भैयाजींच्याच दुकानात, जिथे बाबांनी तुझी भरली होती. घरी लॅपटॉपवर भरता आली असती, पण बाबा म्हणाले तिथेच चल. मला वाटलं ते आत येतील. ते बाहेर बाकावर बसले, पाठ दुकानाकडे करून.

मी माझी सगळी नावं टाकली. फक्त पहिली ओळ रिकामी ठेवली. भैयाजी म्हणाले, ‘पहिलाच नंबर खाली ठेवला काय वं?’ मी बाहेर गेले आणि बाबांना म्हटलं, मला इलेक्ट्रिकल घ्यायचं आहे. इथलंही आहे, पुण्याचंही आहे. इथलं पक्कं मिळेल. पुण्याचं काठावर आहे, मिळेल किंवा नाही.

बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, ‘इलेक्ट्रिकल काहून? मह्यासाठी नको घेऊ.’

मी त्यांना काट्याचं सांगितलं, नागपुरातले लोक घरी येतात आणि काटा चढतो ते. त्यांना आठवतही नव्हतं. बराच वेळ त्यांनी पॅन्टची गुडघ्यावरची घडी नीट केली. मग म्हणाले, ‘पहिले मनातलं टाक. पक्कं-गिक्कं खाली राहू दे. मले तेव्हा समजलं नाही. मले वाटलं पोराच्या पायाखाली आधी जमीन द्यावं.’ आणि थांबून, ‘त्याले सांगायचं होतं. तो गेला तव्हापासून सांगून राहिलो, मनातल्या मनात.’

मी आत जाऊन पहिल्या ओळीत पुणं टाकलं. पुण्याचं इलेक्ट्रिकल चांगलं आहे, हे खरं. तू तिथे आहेस, हेही खरं. यातलं कोणतं आधी मनात आलं ते मला नीट सांगता येणार नाही.

यादी पक्की करायला ओटीपी मागितला. दुपारची वेळ, तू रात्रपाळी करून झोपलेला असणार. पहिल्या ओटीपीची मुदत गेली. दुसऱ्यांदा मागवला, त्याचीही मुदत जाते की काय असं वाटत होतं. बाबा बाकावरून उठून दाराशी आले होते. मग तुझे सहा आकडे आले, आणि त्यांच्या खाली, ‘पहिला नंबर कोणी ठरवला?’

दादा, त्यावर तुला जे उत्तर आलं ते मी लिहिलेलं नाही. मी फोन बाबांच्या हातात दिला होता. त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने अक्षरं शोधली, मधे एकदा सगळं पुसलं. भैयाजींच्या दुकानात मागे रांग लागली होती, पण कुणी घाई केली नाही. ‘तिनं. मी बाहेर बसलो होतो.’ एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला ते तुला तिथून कळलं नसेल, म्हणून सांगते आहे.

तू काही उत्तर दिलं नाहीस. पण दोन निळ्या खुणा आल्या, त्या बाबांनाही दाखवल्या. ‘म्हणजे काय?’ म्हणाले. म्हटलं, वाचलं त्याने. बाबांनी मान हलवली.

आणि एक. तुझा नंबर चुकून टाकला नव्हता. भैयाजींनी विचारलं होतं, ‘हा कोणाचा नंबर?’ मी म्हटलं, माझ्या भावाचा. ते म्हणाले, ‘पुढे सगळे मेसेज त्यालेच जातीन.’ मी म्हटलं, जाऊ द्या.

दीक्षा


कोराडी
२८ जुलै

प्रिय दादा,

पुणं लागलं. पहिलाच नंबर, त्यामुळे आता बदलता येत नाही, घ्यावंच लागतं. नियम तोच, ज्याने तुझं वर्ष खाल्लं. मेसेज तुला माझ्याआधी गेला असणार. तुझा निरोप आला, ‘अभिनंदन. कधी येणार?’ त्याचं उत्तर मी फोनवर दिलं नाही. इथे देते आहे, स्पीड पोस्टाने.

सामान बांधणं चालू आहे. वेळापत्रकाचा पुठ्ठा निघेना, तू बहुतेक आख्खी डिंकाची बाटली ओतली होतीस. बाबा सुरी घेऊन बसले आणि कडेकडेने सोडवत गेले, रंग गेला तर क्वार्टरवाले पैसे कापतील याची पर्वा न करता. फाटू दिला नाही. तो भिवापूरला जाणार आहे.

कपाटाच्या वर पेपरात बांधलेली दोन पुस्तकं सापडली. दोन्ही कॉम्प्युटरची, जाडजूड, दीक्षाभूमीच्या बाहेरच्या स्टॉलवरची. तू नव्हतास त्या दोन्ही विजयादशमींची. मी पुस्तकं बघत फिरायचे तेव्हा बाबा म्हणायचे, ‘मी जरा पाणी पिऊन येतो.’ ते हेच पाणी. त्यातलं अर्धं आता जुनं झालं असेल, तू त्यापुढे गेला असशील. पण नियमाप्रमाणे घरी येईपर्यंत दाखवायची नव्हती, आणि तू घरी आलाच नाहीस, म्हणून ती तशीच राहिली. मी घेतलेलं धरून आता तुझी तीन झाली. तू माझी दोन देणं लागतोस.

शुक्रवारी सकाळी पुण्याला पोचतो, मी आणि बाबा. आई भिवापूरला सामानाबरोबर जाते आहे. मिरचीची पिशवी आमच्याकडे दिली आहे, प्लास्टिकच्या तीन थरांत. स्टेशनवरून सरळ कॉलेजला जाणार. अकराला प्रवेशाच्या खिडकीवर हजर राहायचं आहे. पुण्यात कुणाकडे उतरावं ते ठरत नाही, म्हणून बाबा दोन दिवस धर्मशाळेचं बघत आहेत. मी त्यांना काही सुचवलेलं नाही. तू माझ्याआधी सुचवलंस तर बरं.

कॉलेजच्या फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर मागितला, तिथे मी बाबांचा टाकला. तिथे तुझा चालला नसता. खिडकीवर ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, आणि तो लगेच वाचून सांगावा लागेल, कारण मी आत टेबलापाशी असेन आणि बाबा बाहेर पालकांच्या रांगेत. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नाहीत, तुला माहीत आहे. सहाचा आठ करतात.

चष्मा त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला आहे. तो मी आईच्या ट्रंकेत ठेवला आहे, आणि ट्रंक आज संध्याकाळी भिवापूरला जाते आहे.

तेव्हा शुक्रवारी अकराला त्यांच्या शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं, आकडे वाचणारं.

तुझी,
दीक्षा